पेटीतला ओळंबा: धातूच्या डब्यात बसवलेल्या टिल्ट सेन्सरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

एका मोठ्या मालयार्डात उजेडासाठी २५ मीटर उंचीचे ३६ पोलादी खांब होते. जमीन भरावाची. दर पावसाळ्यानंतर एखाददुसरा खांब किंचित कललेला सापडायचा. तपासणी वर्षातून दोनदा व्हायची, थिओडोलाइट (कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) लावून, आणि त्यासाठी यार्डातली वाहतूक थांबवावी लागायची. म्हणून मालकांनी ठरवलं की प्रत्येक खांबावर एक छोटं यंत्र बसवायचं. त्यानं दोन गोष्टी सांगायच्या: खांब पायापासून कलतोय का, आणि खांबाला कुणी धडक दिली किंवा त्याच्याशी झटापट केली का. यंत्र बॅटरीवर चालणारं, निरोप रेडिओवरून. कल अर्ध्या अंशापलीकडे गेला की इशारा हवा होता. २५ मीटरच्या खांबाचं टोक अर्ध्या अंशाला साधारण २२ सेंटिमीटर सरकतं, म्हणून तो आकडा.

या कामात बोर्ड आणि फर्मवेअर (यंत्राच्या आत चालणारा प्रोग्रॅम) माझ्याकडे होतं. पुढे ज्या चुका येतील, त्यातल्या निम्म्या माझ्या आहेत.

पेटी कशाची असावी यावर फारशी चर्चा झालीच नाही. यार्डात ट्रक, क्रेन, उडणारी खडी. मालकांच्या देखभाल विभागानं सांगितलं, धातूचीच पाहिजे. ओतीव ॲल्युमिनियमची, १६ बाय १० सेंटिमीटरची, आयपी ६७ दर्जाची पेटी निवडली. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवली तरी अपाय होईल इतकं पाणी शिरणार नाही. आत तीन अक्षांचा मेम्स ॲक्सेलेरोमीटर, एक मायक्रोकंट्रोलर, ८६८ मेगाहर्ट्झचा रेडिओ आणि एक लिथियम सेल. खांबाच्या बुंध्यापासून २ मीटर उंचीवर, खांबाला चिकटून, पेटी उभी बसवायची.

मेम्स ॲक्सेलेरोमीटर म्हणजे सिलिकॉनमध्ये कोरलेला, स्प्रिंगवर टांगलेला एक सूक्ष्म वजनाचा तुकडा. यंत्र स्थिर असेल तर त्याला फक्त गुरुत्वाकर्षण जाणवतं. अक्ष आडवा असताना तो शून्य दाखवतो, १ अंश कलला की १७.४५ मिली-जी (मिली-जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा हजारावा भाग). म्हणजे गवंड्याचा ओळंबाच, फक्त नखाएवढ्या चिपमध्ये मावलेला. आमच्या चिपची सर्वात लहान पायरी सुमारे ४ मिली-जी होती, म्हणजे पाव अंशाच्या आसपास. ६४ वाचनांची सरासरी काढल्यावर टेबलावर ०.०३ अंशाचा फरकसुद्धा स्वच्छ दिसायचा. आम्ही खूश होतो. फरक किती बारीक दिसतो आणि दाखवलेला आकडा किती खरा असतो या दोन वेगळ्या बाबी आहेत हे पुस्तकात वाचलेलं होतं. त्याचा अर्थ कळायला अजून दीड महिना होता.

अडचण

बसवायला सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी तिसऱ्या खांबावरचं यंत्र बोलेना. कार्यशाळेत तेच यंत्र व्यवस्थित चालत होतं. झाकण उघडलं, निरोप आला. झाकण लावलं, गप्प. चार नंबरला तसंच. पाच नंबरचं मात्र झाकण लावूनही बोलत होतं.

बसवणाऱ्या फिटरनं दुपारी येऊन सांगितलं, “साहेब, स्क्रू घट्ट केले की हा मुका होतो. थोडे सैल ठेवले की बोलतो.”

आम्हाला वाटलं, गडी थट्टा करतोय. पण त्याचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. मायकेल फॅरेडेनं १८३६ मध्ये धातूच्या पत्र्यानं मढवलेल्या खोलीत बसून दाखवलेलं तत्त्व, बंद धातू विद्युतक्षेत्राला आरपार जाऊ देत नाही हे, आम्ही तिसऱ्या खांबावर नव्यानं शोधून काढलं होतं. ८६८ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ३४.५ सेंटिमीटर. पेटीच्या लांब बाजूला दोन स्क्रूंमध्ये सुमारे १५ सेंटिमीटर अंतर. स्क्रू सैल असले की झाकण आणि पेटी यांच्यात तेवढी लांब फट राहते, आणि जवळजवळ अर्ध्या तरंगलांबीची फट स्वतःच अँटेनासारखं काम करते. स्क्रू आवळले की धातूला धातू टेकतो, फट मिटते, आवाज बंद. जी पेटी बोलत होती ती गळकी होती, आणि जी धड होती ती मुकी.

टेबलावर हे आधी का दिसलं नाही? कारण टेबलावर झाकण कधी लावलंच नव्हतं. प्रोग्रॅम टाकायची केबल झाकणाच्या फटीतून बाहेर यायची.

रेडिओचा प्रश्न निदान लगेच तरी कळला. दुसरा हळूहळू उगवला. तात्पुरता बाहेरचा अँटेना लावून सगळी यंत्रं सुरू केली आणि चौथ्या दिवसापासून रोज सकाळी साडेअकरा ते संध्याकाळी पाच या वेळात इशारे येऊ लागले. एका दुपारी ३६ पैकी १९ खांब ‘कललेले’ होते. रात्री सगळे सरळ. दुसऱ्या दिवशी पुन्हा कललेले. देखभाल विभागातले लोक या प्रकाराला ‘दुपारची झोप’ म्हणू लागले.

तिसरी तक्रार धक्क्याच्या इशाऱ्याची होती. पाऊस आला की एकदम डझनभर खांबांवरून ‘धडक’ असा निरोप यायचा.

घाईत घेतलेला निर्णय

इथे एक निर्णय झाला, जो पुढे महागात पडला. रोजच्या खोट्या इशाऱ्यांना कंटाळून देखभाल प्रमुखांनी विचारलं, “तुमचं कारण सापडेपर्यंत मर्यादा वाढवता येईल का?” मी हो म्हणालो. अर्ध्या अंशाची मर्यादा दीड अंश केली. इशारे जवळजवळ बंद झाले. सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही.

त्यातला धोका आम्ही कागदावर मांडला नाही. दीड अंश म्हणजे टोकाशी ६५ सेंटिमीटर. मर्यादा किती दिवसांसाठी वाढवली, कोणी पुन्हा खाली आणायची, मधल्या काळात हातानं तपासणी कोणी करायची, यातलं काहीच कुठे लिहिलेलं नव्हतं. ‘तात्पुरतं’ पाच आठवडे चाललं.

कारणाचा शोध

पहिला संशय उन्हावर गेला, पण खांबाच्या बाजूनं. स्थापत्य विभागातल्या सहकाऱ्याचं म्हणणं होतं की सेन्सर खरंच सांगतोय: उन्हाची बाजू तापते, प्रसरण पावते, खांब सावलीकडे वाकतो. हे खरोखर घडतं, म्हणून हिशोब करून पाहिला. पोलाद दर अंश सेल्सिअसला मीटरमागे १२ मायक्रोमीटर वाढतं. खांबाचा व्यास अर्धा मीटर आणि दोन बाजूंतला फरक १० अंश धरला, तर टोकाशी सुमारे एक तृतीयांश अंशाचा कल येतो. पण बुंध्यापासून २ मीटरवर तो ०.०३ अंशही होत नाही. आमच्या पेट्या २ मीटरवर होत्या आणि अंशभर हलत होत्या. खांब निर्दोष सुटला. या हिशोबाला अर्धा तास लागला, आणि त्यानं यंत्रं टोकावर हलवायचा एक प्रस्तावही मोडीत काढला. पायाचा कल पाहायचा असेल तर पायाजवळच पाहावं.

मग पेटीकडे वळलो. इथे एक कबुली. चिपमध्ये तापमान मोजायची सोय होती, पण निरोपात तापमान पाठवायचं मीच वगळलं होतं, एक बाइट वाचवायला. त्यामुळे कल आणि तापमान शेजारी ठेवून बघायला आलेखच नव्हता. फर्मवेअर बदलून चार खांबांवर ते सुरू केलं. दुसऱ्या दिवशी आलेख काढला तर कल आणि तापमान हातात हात घालून चढत होते, उतरत होते. पहाटे पेटीच्या आत २२ अंश, दुपारी ६७. ॲल्युमिनियमची पेटी, गडद राखाडी रंग, पाठीला तापलेला पोलादी खांब. बाहेरची हवा ३८ असेल तेव्हाही आतलं तापमान तिथे थांबत नव्हतं.

मेम्स चिपचं ‘शून्य’ तापमानाबरोबर सरकतं. आमच्या चिपच्या माहितीपत्रकात एक्स आणि वाय अक्षांसाठी दर अंशाला ०.४ मिली-जी असा ठरावीक आकडा दिला होता. वरकरणी क्षुल्लक. ४५ अंशांनी गुणलं की १८ मिली-जी, म्हणजे एक अंशाहून किंचित जास्त कल. मर्यादा अर्ध्या अंशाची, आणि चिपचं रोजचं सरकणंच एक अंशाचं. झेड अक्ष, म्हणजे चिपच्या पृष्ठाला काटकोनातला, त्याहून वाईट. आणि पेटी उभी बसवल्यामुळे खांबाचा पुढे-मागे कल नेमका झेड अक्षावर येत होता. सर्वात अविश्वासू साक्षीदाराला आम्ही मुख्य साक्षीदार केलं होतं.

इथपर्यंत सगळं माहितीपत्रकात होतं. नंतरचं नव्हतं.

तापमानाचा परिणाम वजा करूनही काही खांबांवर विचित्र उड्या दिसत होत्या. कडक उन्हानंतर सर आली की वीसेक मिनिटांत पाव अंशाची उडी, आणि ती रात्रभर टिकायची. शिवाय सेल बदलला की त्या खांबाचं शून्य ०.३ अंशानं बदललेलं असायचं. एक पेटी टेबलावर आणली, चालू केली आणि दुसरंच काही शोधताना झाकणावर सहज अंगठा टेकवला. पडद्यावरचा आकडा हलला. जरा जोर दिला, आणखी हलला. अंगठा काढला, परत आला, पण पूर्ण नाही.

बोर्ड झाकणाला जोडलेला होता. झाकणाच्या आतल्या बाजूला स्क्रूसाठी ओतीव खुंट्या होत्या, त्यावर बोर्ड सोयीस्कर बसायचा, केबल जोडायला हात जायचा. जोडणीच्या दृष्टीनं छान. पण झाकण हा पेटीचा सर्वात पातळ भाग, आणि तो पेटीला रबरी गॅस्केटवरून (फट बंद करणाऱ्या पट्टीवरून) जोडलेला. दर वेळी उघडून लावलं की गॅस्केट वेगळ्या प्रकारे दबणार आणि शून्य बदलणार. आता पावसाचा हिशोब बघा. उन्हात आतली हवा ६७ अंशांवर गेली आणि गॅस्केटमधून हळूहळू बाहेरच्या दाबाशी जुळली. मग सर आली, पेटी झटकन २५ अंशांवर आली. बंद पेटीत हवेचा दाब सुमारे १२ टक्क्यांनी उतरतो. १६ बाय १० सेंटिमीटरच्या झाकणावर हा फरक जवळजवळ २०० न्यूटन, म्हणजे २० किलो वजन ठेवल्यासारखा. झाकण आत खेचलं जातं, बोर्ड कलतो. आणि गॅस्केटमध्ये कुठे कमजोर जागा असेल तर हाच दाब पावसाचं पाणी आत ओढतो. दोन पेट्यांमध्ये तळाला चमचाभर पाणी सापडलं ते असं. बुडवण्याच्या चाचणीत पेटी थंड असते, बाहेरून पाणी दाबत असतं. आत निर्वात तयार होऊन पाणी ओढलं जाण्याची चाचणी ती नसते.

पावसातली ‘धडक’ही याच झाकणामुळे. थेंब झाकणावर पडायचे, झाकण ढोलकीच्या पुडीसारखं वाजायचं आणि सेन्सर त्या पुडीवरच चिकटलेला.

बारीकसारीक आणखी एक: यंत्र दर दहा मिनिटांनी जागं होऊन ६४ वाचनं घ्यायचं, सेकंदाला १०० या वेगानं. म्हणजे ०.६४ सेकंदात काम आटोपलं. वाऱ्यात अशा खांबाचा एक झोका सेकंदभर किंवा जास्त चालतो. आम्ही झोक्याचा एक तुकडा पकडून त्याला कल म्हणत होतो.

पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांच्या तोंडी होता: प्लास्टिकची पेटी घ्या. पॉलिकार्बोनेटमधून रेडिओ आरपार जातो, बाहेरच्या अँटेनाची गरज नाही, वजन कमी. देखभाल विभागानं नकार दिला. उन्हानं ठिसूळ होईल, ट्रकच्या आरशाचा फटका बसला तरी फुटेल, आणि खांबाच्या बुंध्याशी वेल्डिंगची कामं चालतात. माझं मत आजही थोडं वेगळं आहे. धातूचा तळ आणि जाड पॉलिकार्बोनेटचं झाकण अशी मिश्र पेटी चालली असती. पण ३६ ॲल्युमिनियमच्या पेट्या खांबांवर चढल्या होत्या, आणि मुख्य म्हणजे प्लास्टिकनं फक्त रेडिओ सुटला असता. शून्याचं सरकणं तसंच राहिलं असतं.

दुसरा पर्याय, चांगला सेन्सर. खास कल मोजण्यासाठी बनवलेले, तापमानाची भरपाई आतच करून देणारे इन्क्लिनोमीटर मिळतात. ते घेतले असते तर माझी निम्मी डोकेदुखी गेली असती. पण झाकणावर बसवलेला उत्तम सेन्सर झाकणाचं वाकणं उत्तम मोजतो, इतकंच. आधी यांत्रिक भाग सुधारावा आणि मग बघावं असं ठरलं.

तिसरा, फक्त सॉफ्टवेअर. प्रत्येक यंत्राचा तापमान-उतार काढून वजा करायचा. अर्धवट उपयोगी. पेटी तापताना आणि निवताना एकाच तापमानाला शून्य वेगळं येत होतं, कारण सेन्सर, बोर्ड आणि पेटी एकाच वेळी तापत नाहीत. वजाबाकीनं दोन तृतीयांश त्रास जायचा, उरलेला तसाच.

चौथा विचार एका तरुण सहकारी मुलीनं मांडला आणि तिथे प्रकरणाची दिशा बदलली. ती म्हणाली, “सर, पाया खचतो तो आठवड्यांत. मग आपण दुपारी मोजतोच कशाला?” पहाटे पाच वाजता ऊन नाही, वारा बहुधा पडलेला, खांब आणि पेटी एकाच तापमानाला आलेली. रोज पहाटेचं एकच वाचन पुरेसं होतं. आणि धडकेसारखी अचानक घटना? तिला तापमानाची भीती नाही, कारण ऊन एका मिनिटात पेटी तापवू शकत नाही. झटका आला आणि त्याच मिनिटात कल बदलला, तर ते खरं. सरीनं पेटी निवते तीही वीस मिनिटांत, एका मिनिटात नाही. म्हणजे एकाच मर्यादेत दोन प्रश्न कोंबले होते ते सुटे करायचे.

कललेल्या खांबाची दिशा कळावी म्हणून चुंबकीय होकायंत्राची चिप घालायचा आग्रहही होता. तो लगेच सोडला. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जागेनुसार २५ ते ६५ मायक्रोटेस्ला. शेजारी टनभर पोलाद. ॲल्युमिनियमची पेटी चुंबकाला अडवत नाही, पण खांब ते क्षेत्र असं वाकडं करतो की होकायंत्र प्रत्येक खांबावर वेगळं उत्तर सांगतं. बसवताना पेटीवर बाण रंगवून तो कुठल्या दिशेला आहे ते नोंदवहीत लिहिणं स्वस्त आणि अचूक ठरलं.

केलेली कामं

बोर्ड झाकणावरून काढून पेटीच्या तळाशी तीन खुंट्यांवर बसवला. तीनच, चार नाहीत: तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगत नाही. पेटी आणि खांब यांच्यातही तेच. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे २३ मायक्रोमीटर वाढतं, पोलाद १२. चार बोल्टांनी जखडलेली पेटी तापली की तिला पसरायला जागा नसते, ती फुगते आणि कधीतरी बोल्टाखाली किंचित सरकते. ते सरकणं मग कायमचं.

उभी पेटी आडवी केली. खांबाला जाड कोनपट्टी, तिच्यावर सपाट तबकडी, तबकडीत दोन नेमपिना (पेटी दर वेळी नेमक्या जागी बसवणाऱ्या), आणि त्यावर पेटी. आता एक्स आणि वाय दोन्ही अक्ष आडवे, झेडवर कलासाठी अवलंबून राहायचं कारण नाही. आणखी एक फायदा आम्हाला नंतर जास्त मोलाचा वाटला. पाणसळ खरी आहे का हे गवंडी कसं बघतो? जागेवरच उलट-सुलट फिरवून. बुडबुडा दोन्ही वेळा भिंतीच्या त्याच बाजूला गेला तर भिंत वाकडी. पाणसळीच्या त्याच टोकाकडे गेला तर पाणसळ खोटी. नेमपिनांमुळे आमची पेटीही १८० अंशांत फिरवता येऊ लागली. दोन वाचनांच्या फरकाचा अर्धा म्हणजे खरा कल, बेरजेचा अर्धा म्हणजे सेन्सरचं खोटं शून्य. ही युक्ती आम्ही कार्यशाळेतही वापरली. प्रत्येक पेटी, झाकण लावून, थंड, साध्या आणि गरम अशा तीन तापमानांना तासभर स्थिर ठेवून फिरवून मोजली आणि तिचा तापमान-उतार तिच्याच मेमरीत लिहिला.

अँटेना पेटीच्या बाहेर, खांबापासून दूरच्या बाजूला, ओ-रिंग (पाणी अडवणारं रबरी कडं) असलेल्या जोडातून. ८६८ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटरच्या जवळपास, त्यामुळे अँटेना लहानच होता. कोनपट्टीमुळे तो खांबापासून हातभर सुटा राहिला. त्याआधी खांबाला चिकटलेला असताना खांबाच्या पलीकडची यंत्रं त्याला ऐकू यायची नाहीत.

दाबासाठी पेटीच्या तळाला एक श्वास-झडप बसवली. तिच्यातली पीटीएफई (टेफ्लॉन) पापुद्र्याची जाळी हवा जाऊ देते, पाणी नाही. वर ऊन अडवायला पांढरा पत्रा, पेटीपासून दोन बोटं अंतर ठेवून. दुपारचं आतलं तापमान ६७ वरून ५० च्या खाली आलं. सर्वात कमी कष्टात सर्वात जास्त फायदा कशाचा झाला असं कुणी विचारलं तर मी या पत्र्याचं नाव घेईन.

फर्मवेअरमध्ये पहाटेचं वाचन पूर्ण एक मिनिटाचं केलं, तापमान प्रत्येक निरोपात, आणि झटक्यासाठी वेगळी मर्यादा. खांबाच्या तळाचं केबलचं दार कुणी उघडलं तर हालचालीवरून ओळखायचा प्रयत्न आम्ही सोडून दिला. दार हलकेच उघडणारा माणूस आणि शेजारून जाणारा भरलेला ट्रक यांत सेन्सरला फरक करता येईना. तिथे साधा लिमिट स्विच (दार हललं की दाबला किंवा सुटा होणारा) लावला.

निष्पत्ती

बदलाचं काम सुरू असताना सतराव्या खांबावर फिटर कोनपट्टी लावायला गेला आणि परत येऊन म्हणाला, “साहेब, इथं नटाखाली बोट जातंय.” पायाच्या बोल्टांपैकी दोघांचे नट सैल झाले होते, वॉशर आणि तळपट्टी यांच्यात फट होती. थिओडोलाइटनं मोजलं: ०.९ अंश. टोक जवळजवळ ४० सेंटिमीटर बाजूला.

जुना डेटा काढून पाहिला. सतराव्या खांबाचं रात्रीचं वाचनसुद्धा चार आठवड्यांपासून शून्यावर परतत नव्हतं. म्हणजे यंत्र सांगत होतं. आधी दुपारच्या गोंगाटात ते कुणाला ऐकू आलं नाही, आणि मग मर्यादा दीड अंश केल्यावर त्याचं तोंडच बंद केलं. खांब त्याच संध्याकाळी दोरांनी ताणून धरला आणि नट आवळून सरळ केला. त्या दिवशी वारा नव्हता.

नव्या बांधणीत पहाटेची वाचनं एका दिवसापासून दुसऱ्या दिवशी ०.०५ अंशाच्या आत राहतात. त्यामुळे मर्यादा मूळच्या अर्ध्या अंशापेक्षाही खाली, ०.३ वर आणता आली. पहिल्या तीन महिन्यांत दोन खोटे इशारे आले. एक रंगाऱ्यानं पेटीवर पाय देऊन चढल्यामुळे. दुसऱ्याचं कारण पेटीवर टेकवलेली शिडी. धडकेचा एक खरा निरोप आला, मागे येणाऱ्या ट्रेलरचा. चालकानं सांगायच्या आधी.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात स्वस्त सुधारणा होती एका पेटीची, पूर्ण बंद करून, खऱ्या खांबावर, उन्हात, एक आठवडा. ३६ पेट्या चढवण्याआधी. रेडिओ पहिल्या मिनिटाला कळला असता, तापमान दुसऱ्या दिवशी, झाकण पहिल्या सरीला. टेबलावरचा उघडा बोर्ड आणि खांबावरची बंद पेटी ही दोन वेगळी यंत्रं आहेत, आणि आम्ही पहिलं तपासून दुसरं बसवलं.

सेन्सरची निवड करताना आम्ही माहितीपत्रकातला ‘रिझोल्यूशन’चा, म्हणजे किती बारीक फरक दिसतो याचा, रकाना वाचला. तापमानाचा रकाना त्याच पानावर, काही ओळी खाली होता. गुणाकार करायला कागदाचा तुकडा पुरला असता.

मर्यादा वाढवण्याबद्दल माझं मत असं झालं आहे: वाढवायला हरकत नाही, पण त्याच कागदावर परत खाली आणायची तारीख आणि तोपर्यंत डोळ्यांनी तपासणाऱ्याचं नाव हवं. आणि आधी विचारायला हवं होतं की इशाऱ्याची मर्यादा वाढवण्याऐवजी फक्त दुपारचे इशारे थांबवता येतील का. रात्रीची अर्ध्या अंशाची मर्यादा तशीच ठेवली असती तर सतरावा खांब पहिल्याच आठवड्यात पकडला गेला असता. फर्मवेअरच्या चार ओळींचं काम होतं ते.

बोर्ड झाकणावर बसवण्याचा निर्णय कुणी घेतला हे शोधून काही हाती लागलं नाही. पेटीला खुंट्या तिथेच होत्या, म्हणून तो तिथे बसला.

सध्या एकच गोष्ट उघडी आहे. एकोणिसाव्या खांबाचं पहाटेचं वाचन महिन्याला साधारण ०.०२ अंशानं, एकाच बाजूला, सरकतंय. मर्यादेपासून ते अजून लांब आहे. पुढच्या फेरीत फिटर तिथली पेटी पिनांवरून उचलून १८० अंशांत फिरवून ठेवणार आहे. वाढलेल्या आकड्याचं चिन्ह उलटलं तर खांब कलतोय. नाही उलटलं तर बोर्ड बदलायचा.